पौर्णिमेचा खेकडा

मला जपानी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात अजून दोन-चार माणसं आहेत ज्यांना मला ते येतं असं वाटतं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा समज दुरुस्त केलेला नाही.

पावसच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल हा शब्दही जरा मोठाच झाला. एक खोली, तीन कपाटं, चारशे बारा पुस्तकं आणि मी. खोली ग्रामपंचायतीची होती आणि ग्रामपंचायत हरिश्चंद्राची. म्हणजे तो सरपंच होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याची हापूसची दोनशे कलमं होती, आणि पंच्याऐंशी साली त्यांना असा काही आंबा धरला की पेट्या ठेवायला जागा पुरेना. रस्त्याला लागून, कौलं शाबूत, दार रुंद अशी खोली गावात एकच होती.

एप्रिलच्या ग्रामसभेत त्याने विषय काढला.

"खोली गावाचीच राहील, सदूभाऊ. मी फक्त पेट्या ठेवीन. हंगामापुरत्या."

"आणि पुस्तकं?" मी विचारलं.

"ती माझ्या माडीवर ठेवू, कपाटांसकट. नाय तरी कोण वाचतंय? गावाच्या कामाचं काय हाय त्यांच्यात? एक तरी सांगा."

शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. हातात त्या दिवशी परत आलेलं एक पुस्तक होतं, कुणा प्राध्यापकाचं जपानचं प्रवासवर्णन. त्याच्या शेवटी प्रवाशांच्या सोयीसाठी बावीस जपानी शब्द दिले होते. मी ते पुस्तक वर धरलं आणि म्हणालो, "सगळं आहे यांच्यात. यात तर जपानी भाषासुद्धा आहे."

सगळी सभा हसली. हरिश्चंद्रही हसला, आणि निर्णय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रमजान कुवेतहून सुट्टीवर आला. तो तिथे एका जपानी इंजिनीअरच्या घरी ड्रायव्हर होता. येताना त्याने मोठा रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला. हा टीव्ही कुठल्याही देशाची कॅसेट दाखवतो, असं तो ज्याला-त्याला सांगे. त्याच्या घरात चुलत बहिणीच्या लग्नाचे पाहुणे मावत नव्हते, म्हणून त्याने विचारलं, "सदूभाऊ, रविवारी दुपारी वाचनालयात हिंदी पिक्चर लावू काय? सगळ्या गावाला."

खोलीचा गावाला काही उपयोग होतोय असं दिसलं तर बरंच, असा विचार करून मी हो म्हणालो. तेवढी लबाडी माझ्यातही आहे.

रविवारी तीन वाजता खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. पुढे बायका, मागे पुरुष, आणि माझ्या खुर्चीवर हरिश्चंद्र. महिपतने नारळ आणला होता. तो गावातल्या नमन-खेळ्यांचा, म्हणजे सोंगं घेऊन नाचणाऱ्यांचा, नायक. शिमग्यात ज्या घरी खेळे नाचतात तिथे आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं ही रीत, आणि टीव्ही म्हणजे शेवटी खेळच.

"बा देवा म्हाराजा," महिपतने सुरू केलं, "ही जी काय पेटी ताजबीच्या झिलानं सात समुद्रापलीकडनं आणलीय..."

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली.

"तिच्यात काय इघिन येऊ नको देस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बिस्मिल्ला कर रे," रमजानची आई ताजबी म्हणाली. रमजानने बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

विघ्न लगेच आलं. पडद्यावर एक ढोल वाजला, पुरुषांचं टोळकं ओरडून गाणं म्हणू लागलं, आणि उभ्या ओळींत अगम्य अक्षरं उतरली. हिंदी पिक्चरचा पत्ता नव्हता. रमजानने कॅसेट काढली, खोका पाहिला, परत घातली. पुन्हा तोच ढोल.

"साहेबाच्या घरात अदलाबदल झाली वाटतं," तो पडेल आवाजात म्हणाला. "हे त्यांचं जपानी. दर आठवड्याला एक भाग लागतो त्यातला. जुना हाय."

"म्हंजे हिरोईन नाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुला येतं ना रे जपानी? तू सांग," ताजबी म्हणाली.

रमजान काहीतरी बोलणार होता, पण त्याच्या आधी सोनूबाई बोलली. सोनूबाई पुढच्या ओळीत बसली होती. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला.

"त्याला कशाला? सदूभाऊ हायत ना! सभेत बोललं नव्हतं, पुस्तकात जपानी हाय म्हणून?"

हरिश्चंद्र माझ्या खुर्चीत सावरून बसला. "खरंच की! सांगा सदूभाऊ. जमलं तर खोलीचा विषय मी परत काढणार नाय. नाय जमलं तर उद्या सकाळी पेट्या."

बावीस शब्दांपैकी मला त्या क्षणी दोन आठवत होते, आणि त्यांतला एक 'छत्री' होता.

मी टीव्हीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक तरुण सायकलवरून चालला होता. खांद्याला पिशवी.

"हा कोण?" सोनूबाईने विचारलं.

"हा..." मी म्हणालो, "हा वाचनालयाचा कारकून आहे. घरोघरी पुस्तकं पोचवतो."

असं का म्हणालो, मला आजही कळत नाही.

"बघ, तिकडंसुद्धा असतात!" महिपत म्हणाला.

मग पांढऱ्या कोटातला दाढीवाला म्हातारा आला. त्याच्याभोवती काचेच्या बाटल्याच बाटल्या, त्यांतून रंगीत धूर निघत होता. मी त्याला वाचनालयाचा अध्यक्ष केला.

"आणि बाटल्यांत काय?"

"शाई."

एवढी शाई कशाला, असं कुणी विचारलं नाही. एक मुलगी आली, तिला मी अध्यक्षांची भाची केली. लोक माना हलवत होते. गंमत अशी की माझी जीभ टाळूला चिकटली नव्हती. माझं स्वतःचं काही बोलायचं नव्हतं ना, म्हणून असेल.

एवढ्यात पडदा काळा-निळा झाला. गुहेत, उंच आसनावर, शिंगांचा मुकुट घातलेला एक धिप्पाड राजा बसला होता, मागे भिंतीवर खेकड्याचं मोठं चित्र. तो आधी खदाखदा हसला, मग लांबलचक बोलू लागला. बोलतो आहे, बोलतो आहे, संपेच ना. मला वाक्यं कमी पडू लागली. महिनाभर माझ्या कानात जी वाक्यं घुमत होती तीच तोंडातून बाहेर पडली.

"खोली गावाचीच राहील," मी म्हणालो. "मी फक्त खेकडे ठेवीन. हंगामापुरते."

आधी पुढच्या ओळीतून सोनूबाईच्या नाकातून एक आवाज आला, आणि त्यापाठोपाठ सगळी खोली फुटली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. हरिश्चंद्राकडे बघायचा धीर मला झाला नाही.

"पुढं काय म्हणतो राजा?" महिपतने डोळे पुसत विचारलं.

"म्हणतो, पुस्तकं माझ्या गुहेत ठेवू. कपाटांसकट."

मी इतका आगाऊपणा आयुष्यात कधी केला नव्हता. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता.

राजाने हात उचलला, आणि समुद्रातून माणसाएवढा एक लाल खेकडा दोन पायांवर चालत किनाऱ्याला लागला. आकाशात पूर्ण चंद्र होता.

"हात् मेल्या!" ताजबी ओरडली. तिचं आयुष्य खाडीत खेकडे धरण्यात गेलं होतं. "हा पौर्णिमेचा. आत काय नाय त्याच्या."

"म्हंजे?"

"अवशेचा खेकडा भरलेला असतो. पौर्णिमेचा नुसता खोका. दिसतो केवढा, फोडलंस तर पाणी. त्या कारकुनाला सांगा सदूभाऊ, घाबरू नको म्हणून."

मी पडद्याला काही सांगू शकत नव्हतो, पण तिकडे कारकुनाने जणू ऐकलंच. त्याने मनगटावरचं घड्याळ वर धरलं, धूर झाला, आणि धुरातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर तांब्याच्या रंगाचा मुखवटा होता आणि गळ्यात पिवळं उपरणं.

"संकासूर!" सोनूबाईने हात जोडले. शिमग्यात खेळ्यांबरोबर तोंड झाकलेला संकासूर येतो, त्याच्यापुढे आमच्याकडे सगळे हात जोडतात. अर्ध्या खोलीने हात जोडले.

मारामारी दगडाच्या खाणीत झाली. "ही तर आपल्या सड्यावरची चिऱ्याची खाण!" असं चार-पाच जणांनी ठामपणे सांगितलं. संकासूर मार खात होता. ताजबी उठून उभी राहिली. "मागनं जा! मागनं! आधी नांगे बांध!" आणि खरोखरच त्याने उडी मारून खेकड्याच्या मागे जाऊन गळ्यातल्या उपरण्याने त्याचे दोन्ही नांगे बांधले, बाजारात बांधलेले असतात तसे. खेकडा कोसळला आणि त्याचा स्फोट झाला. धुराशिवाय काही उरलं नाही.

"बोलले नव्हते मी? नुसता खोका," ताजबी खाली बसत म्हणाली.

टाळ्या थांबल्यावर हरिश्चंद्र उठला. कान लाल झाले होते, पण आवाज थंड होता.

"झकास. रमजान, उद्या याच वेळेला हेच परत लाव."

"हेच?"

"हेच. सदूभाऊंना जपानी येत असेल तर उद्या पण तेच सांगतील, शब्दाला शब्द. राजा काय रोज वेगळं बोलणार नाय." तो माझ्याकडे वळला. "एक शब्द जरी बदलला तरी मंगळवारी पेट्या. कबूल?"

न्यायाने पाहिलं तर त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी मान हलवली.

घरी चहा पिताना मी वही काढून आठवेल ते लिहू लागलो. माझी बायको दमयंती समोर कोकमं निवडत होती.

"तुम्हाला जपानी कधीपासून येतं?"

"येत नाही."

"ते कळलंच मला. ती मुलगी तुम्ही आधी भाची केलीत, आणि मग खाणीत मावसबहीण."

"मी मावसबहीण म्हणालो?"

"दोनदा."

मी वहीत 'भाची' खोडून 'मावसबहीण' लिहिलं, मग ते खोडून पुन्हा 'भाची' लिहिलं. राजाची वाक्यं मात्र मला लिहायची गरज नव्हती.

सोमवारी पलीकडच्या वाडीतली माणसंही आली. मी वही घेऊन टीव्हीपाशी उभा राहिलो, आणि गोणपाटं लावल्यावर माझ्या लक्षात आलं की अंधारात वही वाचता येत नाही. इतकी साधी गोष्ट. पण मला ती सुचली नव्हती.

ढोल वाजला. सायकल आली. मी तोंड उघडण्याच्या आत महिपत शेजारच्याला म्हणाला, "हा वाचनालयाचा कारकून. घरोघरी पुस्तकं पोचवतो." त्याच्यामागे पाच-सहा जण तेच म्हणाले. त्यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे नमनातलं सोंग वर्षानुवर्षं तेच असतं, आणि एक शब्द चुकला तर लोक सोंगाला थांबवून दुरुस्त करतात.

"गप!" हरिश्चंद्र म्हणाला. "त्यांनी सांगायचं. तुम्ही नाय."

मी कसाबसा अध्यक्ष सांगितला, शाई सांगितली. मुलगी आली.

"ही भाची," मी म्हणालो.

"काल मावसबहीण पण म्हणालेत," हरिश्चंद्र म्हणाला.

"आईकडनं भाची, बापाकडनं मावसबहीण," सोनूबाई मागे न बघता म्हणाली. "होतं असं. तुझी बायको माझी कोण लागते, सांग बघू पटकन."

हरिश्चंद्र बोटांवर नाती मोजू लागला. ते संकट टळलं.

मग गुहा आली. राजा हसला आणि बोलू लागला. मला वाक्य पाठ होतं. पण हरिश्चंद्र माझ्यापासून चार हातांवर, पडद्याच्या निळ्या उजेडात बसला होता, आणि काल अंधारात हसलेली माणसं आज हसायची तयारी करून आली होती. पलीकडच्या वाडीतल्यांनाही ती गोष्ट आधीच कळलेली दिसत होती. मी तोंड उघडलं, आणि मला त्याची दया आली की भीती वाटली ते सांगता येत नाही. दोन्ही असेल.

"राजा म्हणतो," मी म्हणालो, "मला ती खोली पाहिजे."

"खोटं!" हरिश्चंद्र ताडकन उठला. "साफ खोटं! असं नाय बोलला तो!"

"मग कसं बोलला?" सोनूबाईने विचारलं.

"तो बोलला, खोली गावाचीच राहील! मी फक्त खेकडे ठेवीन, हंगामापुरते! मला पाहिजे असं तो बोललाच नाय! उगाच त्याच्या तोंडात काय घालता?"

पडद्यावर राजा बोलतच होता.

"हरिश्चंद्रा," सोनूबाई आता मागे वळली, "तुला रे कसं ठाऊक, राजा काय बोलला तां?"

"काल ऐकलं ना मी!"

"कोणाकडनं?"

हरिश्चंद्राने माझ्याकडे बोट केलं. बोट अर्ध्यातच थांबलं.

"म्हंजे काल सदूभाऊनं सांगितलान तांच खरं. तूच बोलतोस. आज तेवढा त्यांचा घसा बसलाय."

"पण शब्द बदलला त्यांनी!"

"बदलला म्हणून तर तू पकडलास. खरा शब्द काय होता तां तूच सगळ्यांना सांगितलंस. राजाचा साक्षीदार झालास तू!"

आता मात्र खोली आवरेना. हरिश्चंद्र उभाच होता. मला वाटलं तो निघून जाणार, आणि मंगळवारी काही झालं तरी पेट्या येणार. पण राजाचं भाषण अजून चालू होतं, आणि महिपतने हळूच, खेळे सुरू करताना म्हणतात त्या सुरात म्हटलं, "सरपंच, पुढं काय म्हणतो राजा?"

हरिश्चंद्राने पडद्याकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा खांद्यावर टाकला.

"म्हणतो, पुस्तकं माझ्या गुहेत ठेवू! कपाटांसकट!" आणि राजासारखाच खदाखदा हसला.

शेवटपर्यंत राजाचं सगळं त्यानेच सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मी न सांगितलेलंही सांगितलं. राजाला दोन मुलगे आहेत आणि दोघंही मुंबईला असल्यामुळे खेकड्यांकडे बघायला कोणी नाही, हे मला माहीतच नव्हतं. खेकडा खाणीत कोसळला तेव्हा तो ताजबीला म्हणाला, "पौर्णिमेचा होता म्हणून. अवशेला आणला असता तर बघितलं असतं."

"अवशेला पण नांगे बांधलेच असते," ताजबी म्हणाली.

मंगळवारी पेट्या आल्या नाहीत. त्या हरिश्चंद्राच्या पडवीत रचलेल्या दिसल्या, वर ताडपत्री घालून.

बुधवारी रमजान निरोप घ्यायला आला. एका कपाटाशी उगाच घुटमळला.

"सदूभाऊ, एक सांगू? त्या दिवशी मी बोलणार होतो. साहेबाच्या मुलीला मी रोज शाळेत सोडतो. हा भाग तिनं मला तीसेक वेळा सांगितलाय, हातवारे करून. मला तो पाठ हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"सोनूआजीनं तुमचं नाव घेतलंन, सरपंचांनी खोली पणाला लावलीन. मग म्हटलं, बघू तर खरं." तो हसू दाबत होता. "पांढऱ्या कोटवाला म्हातारा, तुमचा अध्यक्ष... तो खेकडा त्यानंच बनवलेला असतो. त्या बाटल्यांत."

"अरे देवा."

"पण तुम्ही असं काय सांगत होतात की मला वाटलं, साहेबाची मुलगी मला चुकीचं सांगते की काय."

"आणि राजा? राजा खरं काय म्हणतो?"

रमजानने तोंड उघडलं, मग मान हलवली. "राहू दे. सरपंचांनी सांगितलं तेच बरं हाय."

मग त्याने ते प्रवासवर्णन मागितलं. कशाला, विचारलं तर म्हणाला, "सरपंच काल पडवीत बोलत होते, पुस्तकातले ते जपानी शब्द मी पण बघणार म्हणून. मी आत्ताच चाळलं. त्यांनी बघितले तर त्यांच्यात खेकडा नाय, खोली नाय, काय नाय. मी कुवेतला नेतो. तिकडे मला उपयोगी पडेल."

मी नोंदवहीत त्याचं नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख लिहिली. मुदत पंधरा दिवस.

शनिवारी हरिश्चंद्र आला. सभासद होण्याचा अर्ज भरून आणला होता, सही मोठी, रेघेबाहेर गेलेली. चपला बाहेर काढून तो माझ्या खुर्चीवर न बसता बाकावर बसला.

"ते जपानी पुस्तक द्या," तो म्हणाला.

"बाहेर गेलंय."

"कोणाकडं?"

मी नोंदवही त्याच्याकडे फिरवली. त्याने ओळीवर बोट ठेवून नाव वाचलं, तारीख वाचली.

"मग दुसरं काय तरी द्या," तो म्हणाला. "राजा असलेलं."

मी दिलं. ते त्याने मुदतीत परत केलं, आणि मग दुसरं नेलं. रमजानच्या नावापुढचा परतीचा रकाना अजून कोरा आहे. दर पावसाळ्यात एकदा हरिश्चंद्र विचारतो, आलं का ते. मी म्हणतो, नाही अजून.